पडद्यावर ऐकलेलं वादन आणि परीक्षकांचा निकाल

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘युरोव्हिजन यंग म्युझिशियन्स’ची अंतिम फेरी टीव्हीवर पाहिली. घरातल्या सगळ्यांना ज्या मुलाचं वादन आवडलं, तो जिंकला नाही. परीक्षकांना असं काय ऐकू आलं जे आम्हाला आलं नाही? टीव्हीमुळे निकालावर परिणाम होतो का? आणि युरोपबाहेर शिकणाऱ्या मुलांना यात उतरता येतं का?

तुम्ही आणि परीक्षकांनी एकच वादन ऐकलं, असं तुम्ही धरून चालला आहात. खरी मेख तिथेच आहे. वाद्यवृंदांच्या थेट प्रक्षेपणांत ध्वनिमिश्रणाच्या टेबलाशी माझी बरीच वर्षं गेली आहेत. या विशिष्ट स्पर्धेचं काम मी केलेलं नाही, पण तरुण एकलवादक, मोठा वाद्यवृंद, थेट प्रक्षेपण आणि समोर परीक्षक हा मामला चांगला परिचयाचा आहे. तेव्हा टेबलाच्या बाजूने सांगतो.

आधी पार्श्वभूमी. बीबीसीने १९७८ मध्ये ब्रिटनपुरती तरुण वादकांची टीव्ही स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षी ती मायकेल हेक्स्ट या ट्रॉम्बोनवादकाने जिंकली. त्या कल्पनेवरून युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने (सार्वजनिक प्रसारण संस्थांच्या संघटनेने) १९८२ मध्ये मँचेस्टरला आंतरराष्ट्रीय स्पर्धा घेतली. तेव्हा सहा देश होते आणि विजेता होता पश्चिम जर्मनीचा पियानोवादक मार्कुस पावलिक. तेव्हापासून ती दर दोन वर्षांनी होते. २०२० ची मात्र कोविडमुळे झाली नाही. ‘युरोव्हिजन’ या गाण्यांच्या प्रसिद्ध स्पर्धेशी तिचं नातं नावापुरतंच. इथे प्रेक्षक फोन करून विजेता ठरवत नाहीत, व्यावसायिक संगीतकारांचं परीक्षक मंडळ ठरवतं.

आता आवाजाकडे. सभागृहात वाद्यवृंद वाजतो तेव्हा कंडक्टरच्या डोक्यावर दोन-तीन मीटर उंचीवर मुख्य मायक्रोफोन असतात. ते एकूण चित्र उचलतात. शिवाय लाकडी फुंकवाद्यं, हॉर्न, टिंपनी, हार्प यांना जवळचे वेगळे माइक. एकलवादकाला तर असतोच असतो. घरी पोहोचणारा आवाज म्हणजे या सगळ्यांचं मिश्रण, आणि एकलवादकाच्या माइकचा खटका (आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) माझ्यासारख्या कुणाच्या तरी बोटाखाली असतो. वाद्यवृंद चढला आणि व्हायोलिन बुडायला लागलं की बोट आपसूक वर जातं. यात लबाडी नाही. टीव्हीच्या छोट्या स्पीकरमधून श्रोत्याला एकलवादक ऐकू आलाच पाहिजे, हा या कामाचा पहिला नियम आहे. परिणाम असा की सभागृहात ज्या पोराचा आवाज पंधराव्या रांगेपर्यंतही पोचत नव्हता, तो घरी तुम्हाला कानाशी वाजल्यासारखा स्वच्छ ऐकू येतो.

परीक्षक सभागृहात बसलेले असतात. त्यांना खटका नाही. ऐंशी माणसांच्या वाद्यवृंदावरून सूर पलीकडे फेकणं ही त्यांच्या दृष्टीने मोठी परीक्षा असते, आणि टीव्ही ती परीक्षा परस्पर पुसून टाकतो. तुमच्या आवडत्या मुलाच्या बाबतीत हेच झालं असेल असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण ‘घरी आवडला, तिथे पडला’ अशा प्रकरणांत माझा पहिला संशय कायम यावरच असतो.

हे किती खोलवर जातं ते विजेत्यांच्या यादीत पाहण्यासारखं आहे. १९८२ ते २०२४ या काळात एकवीस विजेते झाले. त्यांपैकी दहा व्हायोलिनवादक, पाच पियानोवादक, दोन चेलोवादक. उरलेले चार म्हणजे २००८ मध्ये ग्रीसचा दियोनिसिस ग्रामेनोस (क्लॅरिनेट), २०१० मध्ये स्लोव्हेनियाची एवा नीना कोझ्मुस (बासरी), २०१२ मध्ये नॉर्वेचा आयविंद होल्ट्समार्क रिंगस्टाड (व्हायोला, म्हणजे व्हायोलिनचं थोडं मोठं, खालच्या सुरांचं भावंड) आणि २०१६ मध्ये पोलंडचा लुकाश दिच्को (सॅक्सोफोन). आता या स्पर्धा कुठे झाल्या ते बघा. २००६ ते २०१२ या चारही अंतिम फेऱ्या व्हिएन्नात नगरसभागृहासमोरच्या चौकात, उघड्यावर झाल्या. २०१४ आणि २०१६ च्या कोलोनमध्ये, कॅथीड्रलशेजारच्या चौकात, त्याही उघड्यावर. म्हणजे आकाशाखाली सहा फेऱ्या झाल्या आणि त्यांत चार वेळा ‘वेगळं’ वाद्य जिंकलं. छपराखाली पंधरा झाल्या आणि तिथे पियानो, व्हायोलिन, चेलो सोडून एकदाही काही जिंकलेलं नाही. २०१८ ला स्पर्धा एडिनबराच्या अशर हॉलमध्ये गेली आणि पियानो जिंकला. २०२२ ला माँपेलिए आणि २०२४ ला नॉर्वेतलं बोडो, दोन्हीकडे सभागृह आणि दोन्हीकडे व्हायोलिन.

सहा फेऱ्यांवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मलाही कळतं. त्या वर्षांतले वादक खरोखरच असामान्य होते हे उत्तरही पुरेसं आहे. तरी माझ्या धंद्यातल्या माणसाला यात फार आश्चर्य वाटत नाही. चौकात भिंती नसतात, आवाज परतून येत नाही. जमलेल्या गर्दीला जे ऐकू येतं ते माइक आणि लाउडस्पीकरमधूनच, आणि सभागृहाचा घुमारा यंत्राने वरून घालावा लागतो. अशा ठिकाणी व्हायोला आणि ट्रम्पेट एका पातळीवर येतात. व्हायोलाचा मुख्य सूर नेमका वाद्यवृंदाच्या मध्यसप्तकाच्या गर्दीत असतो, त्यामुळे सभागृहात तो भल्याभल्यांचाही बुडतो. वॉल्टन या संगीतकाराने व्हायोलासाठी लिहिलेल्या आपल्या रचनेतला ऑर्केस्ट्रा नंतर हलका केला तो काही उगाच नाही. माइक आल्यावर ही जन्मजात अडचण जवळजवळ उरत नाही.

उघड्यावरच्या वादनाचा दुसरा त्रास सुराचा. हवेचं तापमान उतरलं की आवाजाचा वेग कमी होतो आणि फुंकवाद्यांचा सूर उतरतो. वीस अंशांवरून पंधरा अंशांवर आलं तर अर्ध्या स्वराच्या शंभर भागांपैकी साधारण पंधरा भागांनी. वादकाचा श्वास वाद्य गरम ठेवतो म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी, पण तरी कानाला जाणवणारा फरक. तारवाद्यांचं नेमकं उलट: पोलादी तारा थंडीने आकसतात आणि किंचित चढतात. पियानो दुपारच्या उन्हात लावलेला असतो आणि रात्री नऊला त्याला कुणी हात लावू शकत नाही. मे महिन्यातल्या व्हिएन्नाच्या संध्याकाळी क्लॅरिनेटवर सुरात राहणं हे काय काम आहे, ते यावरून लक्षात येईल. ग्रामेनोसचा विजय मला याकरिता फार मोठा वाटतो.

चित्राबद्दल थोडक्यात. दिग्दर्शकाच्या शेजारी एक माणूस पूर्ण स्वरलिपी घेऊन बसतो आणि बार (तालाचे छोटे समान तुकडे) मोजत ‘चार बारांनंतर ओबो’ असं सांगत जातो. कुठल्या क्षणी कोण दिसणार हे तालमीच्या आधीच लिहिलेलं असतं. एकलवादकाच्या बोटांचा आणि चेहऱ्याचा क्लोजअप हे त्यातलं हुकमी पान. ज्याचा चेहरा बोलका, त्याचं वादन आपल्याला जास्त भावपूर्ण ‘ऐकू’ येतं. २०१३ मध्ये चिया-जुंग त्साय या संशोधिकेचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. तिने लोकांना खऱ्या स्पर्धांमधल्या वादनाचे छोटे तुकडे दिले, काहींना फक्त आवाज, काहींना फक्त मुकं चित्र. विजेता ओळखण्यात मुकं चित्र पाहणारे पुढे निघाले, आणि त्यांत व्यावसायिक संगीतकारही होते. नंतर इतरांनी तो प्रयोग पुन्हा करून त्याच्या निष्कर्षांना बऱ्याच मर्यादा घातल्या, तेव्हा त्यावरून ‘परीक्षक बहिरे असतात’ असं कुणी म्हणू नये. परीक्षकांनाही डोळे आहेत, एवढंच. फक्त त्यांच्या डोळ्यांना लांबून एक लहानशी आकृती दिसते आणि तुम्हाला पापणीची थरथर दिसते.

टीव्हीचा सर्वांत मोठा परिणाम मात्र माइक किंवा कॅमेऱ्यामुळे होत नाही. तो होतो घड्याळामुळे. एका संध्याकाळच्या कार्यक्रमात सगळे वादक, मुलाखती, पाहुणे आणि निकाल बसवायचे असतात. मग प्रत्येकाच्या वाट्याला अख्खा कॉन्चेर्टो (एकलवादक आणि वाद्यवृंद यांची अनेक भागांची मोठी रचना) येत नाही, त्यातली एखादी गती, म्हणजे एक भाग, किंवा छोटी रचना येते. २०१८ मध्ये रशियाच्या इवान बेस्सोनोवने चायकोव्स्कीच्या पहिल्या पियानो कॉन्चेर्टोची तिसरी गती वाजवली. ती सातेक मिनिटांची. पूर्ण कॉन्चेर्टो पस्तीस मिनिटांच्या आसपास जातो. ज्याला आपल्याकडे आलाप न करता थेट द्रुत गाऊन दाखवणं म्हणतात, तसाच हा प्रकार आहे. वादक तयार आहे हे कळतं. तो एखादी कल्पना अर्धा तास पेलू शकतो का, हे कळत नाही. बीबीसीच्या देशी स्पर्धेच्या अंतिम फेरीत पूर्ण कॉन्चेर्टो वाजवतात. २०१६ मध्ये शेकू कानेह-मेसनने शोस्ताकोविचचा पहिला चेलो कॉन्चेर्टो वाजवून ती जिंकली. त्यातली मधली लांब, एकट्या चेलोची कादेन्झा ज्यांनी ऐकली असेल त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. सात मिनिटांच्या स्पर्धेत तिला जागाच नाही.

व्हायोलिनच्या दहा विजयांचं कारणही बऱ्याच अंशी याच घड्याळात आहे. दहा मिनिटांच्या आत-बाहेर संपणाऱ्या, वाद्यवृंदासह वाजवायच्या आणि श्रोत्याला खुर्चीच्या कडेला आणणाऱ्या रचना व्हायोलिनसाठी ढिगाने आहेत: सेंट-सान्सची ‘इंट्रोडक्शन अँड रोंडो काप्रिचिओसो’, सारासातेची ‘त्सिगॉयनरवाइझन’, राव्हेलची ‘त्झिगान’, शिवाय सिबेलियसच्या कॉन्चेर्टोची शेवटची गती. ‘बसून’ या लांबलचक लाकडी फुंकवाद्याच्या वादकाने काय वाजवावं? दुसरं म्हणजे व्हायोलिन मुलाच्या मापाचं मिळतं. चार वर्षांचं पोर अगदी छोट्या व्हायोलिनवर सुरुवात करतं आणि पंधराव्या वर्षी त्याच्या गाठीशी दशकभराची मेहनत असते. ट्रॉम्बोन किंवा ‘बसून’ला हात लांब व्हावे लागतात, पुढचे दात पक्के यावे लागतात. बारा ते एकवीस या वयोगटात हा फरक जबरदस्त पडतो. यूलिया फिशर १९९६ मध्ये लिस्बनला जिंकली तेव्हा तिला तेरा वर्षंही पूर्ण झालेली नव्हती. त्या वयाची हॉर्नवादक तिथवर पोचण्याची कल्पना करून बघा.

मग परीक्षक ऐकतात तरी काय? स्वच्छ सूर आणि वेग हे गृहीतच असतं, अंतिम फेरीत ते सगळ्यांकडे असतं. माझ्या ओळखीतले परीक्षक दोन गोष्टींबद्दल सारखं बोलतात. पहिली, वाद्यवृंदाशी संवाद. आपल्या धुनेची उरलेली ओळ क्लॅरिनेट पुरी करतोय, हे या मुलाला ऐकू येतंय का? की तो पियानोच्या साथीवर घोटलेलं तसंच्या तसं पुढे रेटतोय? युरोपातले कित्येक वाद्यवृंद कंडक्टरच्या काठीच्या जरा मागे वाजतात. काठी खाली येते आणि आवाज क्षणभराने उमटतो. घरी एका साथीदाराबरोबर तयारी केलेल्या मुलाला पहिल्या तालमीत पायाखालची जमीन सरकल्यासारखं होतं, कारण समेवर तो एकटाच पोचलेला असतो. आणि अशा स्पर्धेत वाद्यवृंदाबरोबरच्या तालमी मोजक्याच मिळतात. यातून सावरणारं मूल की नुसतं पाठ केलेलं वाजवणारं, हे परीक्षकांना दुसऱ्या-तिसऱ्या बारात समजतं. घरी ते समजत नाही, कारण मिश्रणात एकलवादक इतका पुढे असतो की त्याच्या मागचं वाद्यवृंदाचं अडखळणं झाकलं जातं.

दुसरी गोष्ट, हळू वाजवणं. मोठ्याने सगळेच वाजवतात. हजार-दोन हजार माणसांसमोर आवाज इतका खाली आणायचा की लोक श्वास रोखून पुढे झुकतील, आणि तरी तो शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल, हे फार थोड्यांना जमतं. प्रक्षेपणात आम्ही हळू जागा थोड्या उचलतो आणि मोठ्या जागा थोड्या दाबतो, नाहीतर श्रोत्याला रिमोट हातात घेऊन बसावं लागेल. म्हणजे ज्या गुणावर परीक्षक भाळले असतील, नेमका तोच टीव्हीवर सर्वांत जास्त खरवडला जातो.

याखेरीज निव्वळ नशीबही असतं. ब्रुसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ स्पर्धेत वादनाचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो. तिथल्या निकालांचा अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला तेव्हा शेवटच्या दिवसांत वाजवणाऱ्यांचे क्रमांक सरासरीने वर लागलेले दिसले. परीक्षक जाणकार आणि प्रामाणिक असूनही हे होतं. तुमचा आवडता मुलगा कितवा वाजला होता, ते आठवून बघा.

निकालाला किती महत्त्व द्यायचं? फिशर, १९८८ चा विजेता जुलियन राखलिन, १९९४ ची चेलोवादक नताली क्लाइन ही नावं पुढे जगभर गाजली, तेव्हा परीक्षकांची नजर चांगली आहे. पण २००४ मध्ये लुसर्नला ब्रिटनकडून आलेली निकोला बेनेडेट्टी जिंकली नव्हती आणि आज ती ब्रिटनच्या सर्वांत नामवंत व्हायोलिनवादकांत गणली जाते. त्या वर्षी ऑस्ट्रियाची अलेक्सांद्रा सूम जिंकली. २०१२ मध्ये दुसरा आलेला व्हायोलिनवादक एमानुएल चेक्नावोरियन आता मुख्यतः कंडक्टर म्हणून ओळखला जातो आणि मिलानच्या सिंफनी वाद्यवृंदाचा संगीत संचालक आहे. ग्रामेनोसही कंडक्टिंगकडेच गेला.

ऑस्ट्रियाचं नाव निघालंच आहे तर तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो. ऑस्ट्रियाने ही स्पर्धा सहा वेळा जिंकली आहे, पण राखलिनचा जन्म विल्नियसचा, सूमचा मॉस्कोचा, २००२ चा विजेता दालिबोर करवाय स्लोव्हाकियाचा आणि २०१४ चा झीयू हे चीनमधल्या छिंगदाओचा. राखलिन, करवाय आणि सूम हे तिघेही व्हिएन्नात बोरिस कुश्निर यांच्याकडे शिकले, झीयू हे साल्झबुर्गला. देशाच्या नावाने लढली जाणारी ही स्पर्धा बऱ्याच अंशी गुरूंच्या नावाने लढली जाते, हे जाणकारांना ठाऊक असतं. वादकाला स्वतः अर्ज करून थेट या मंचावर येता येत नाही. भाग घेणाऱ्या देशाची सरकारी किंवा सार्वजनिक प्रसारण संस्था आपला उमेदवार निवडते, आणि ती संस्था युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनशी जोडलेली असावी लागते. युरोपबाहेर शिकणाऱ्या मुलाला हा रस्ता जवळजवळ बंदच आहे.

त्याने दुसरीकडे बघावं. व्हायोलिनवाल्यांसाठी उदाहरण म्हणजे १९८३ मध्ये सुरू झालेली मेनुहिन स्पर्धा. तिच्यात बावीस वर्षांखालील मुलं कुठल्याही देशातून अर्ज करू शकत होती आणि सोळाच्या आतल्यांचा गट वेगळा असे. फिशर लिस्बनच्या आदल्याच वर्षी तिथे जिंकली होती. अशा खुल्या स्पर्धांची पहिली चाळणी बहुतेक वेळा व्हिडिओवर होते, आणि इथे माझ्या धंद्यातला एक सल्ला उपयोगी पडेल. फोनच्या नुसत्या कॅमेऱ्याने मुद्रण करू नका. फोन आपोआप मोठा आवाज दाबतो आणि लहान आवाज फुगवतो. वर सांगितलेला तो हळू वाजवण्याचा गुण परीक्षकांपर्यंत पोचायच्या आतच सपाट होतो. साधा वेगळा रेकॉर्डर घ्या, त्याची आवाजपातळी हाताने ठरवा. रचनेतली सर्वांत मोठी जागा आधी वाजवून बघा आणि तिथे काटा लाल रेषेच्या बराच खाली राहील एवढीच पातळी ठेवा. रेकॉर्डर वादकापासून दोन-तीन मीटरवर, डोक्याच्या वरच्या उंचीला. साथीचा पियानो त्याच्या मागे, झाकण अर्धं उघडं. खोलीत गालिचा आणि पडदे जास्त असतील तर ते काढा, कोरडा आवाज तरुण वादकाला फार उघडा पाडतो. आणि मुद्रण सलग, न कापता करा. स्पर्धांचे नियम बहुधा तेच सांगतात.